धोंड्याच्या महिन्यातलं घर

४ मे, सोमवार

आज पहाटे जाग आली ती आवाजानं. आवाज आजचा नव्हता, साठ वर्षांपूर्वीचा होता. मलप्पा गुरुजी फळ्यापाशी उभे, आम्ही पोरं सतरंजीवर मांडी घालून बसलेलो, आणि कविता चालू. गुरुजींच्या मराठीला कानडी हेल होता. तोच शुद्ध समजून आम्हीही उचललेला. पुढची रांग तालात म्हणायची आणि मागची रांग कायम अर्धी मात्रा मागं. गुरुजी बोटातल्या अंगठीनं टेबलावर ठेका धरायचे, टक् टक्, पण मागच्या रांगेनं पुढच्या रांगेला कधी गाठलं नाही. त्यामुळे प्रत्येक ओळ दोनदा ऐकू यायची. एकदा कविता म्हणून आणि लगेच तिची आठवण म्हणून.

जळकोटाजवळची ती शाळा आता तिथं नाही. आवाज मात्र आहे. म्हणून मी म्हणतो, माणसानं भिंतींचा फार लोभ धरू नये.

तर निर्णय असा. लातूरचं हे घर विकायचं आणि नांदेडला रविकिरणकडे कायमचं जायचं. सूनबाईंना तिकडं नोकरी लागली आहे, नातू तीन वर्षांचा आहे, त्याला पाळणाघरात ठेवायचं त्यांच्या जिवावर आलंय. रवी म्हणाला, "दादा, तुम्ही दोघं या. वरचा मजला बांधू, तो तुमचाच." विकलं की बांधकामाला हातभार लागेल. सरळ हिशेब आहे.

सिंधुला सांगितलं. "तुम्ही म्हणाल तसं," म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली. बेचाळीस वर्षांच्या संसारात असा एकमताचा निर्णय क्वचितच झाला असेल.

९ मे, शनिवार

विकावं की किरायानं द्यावं यावर आज दयानंदशी बोलणं झालं. दयानंद म्हणजे आमच्या गल्लीतला घरांचा एजंट. पांढरा शर्ट, खिशात दोन फोन, आणि दोन्हींवर एकाच वेळी बोलतो.

"काका, इकू नका," तो म्हणाला. "ट्यूशन एरियापासून चालत येता येतंय असं घर. दहावीचा निकाल लागला की अख्खा मराठवाडा लातुरात उतरतो. पोरांना द्यायचं नसंल तर आईलोकांना द्या. एक आई, एक लेकरू, दोन वर्षं. आई असली की घर बी नीट राहतंय, नळ सुदिक टपकत नाही."

त्याचं म्हणणं चुकीचं नाही. आमच्याच इमारतीत अशा तीन आया आहेत. नवरा गावाकडं शेतीवर किंवा दुकानावर, आणि ही इथं स्वयंपाक करून लेकराला डॉक्टरकीच्या परीक्षेला बसवते. सकाळी डबा, दुपारी डबा, संध्याकाळी गच्चीवर एकमेकींच्या लेकरांचे मार्क.

पण मला किरायानं द्यायचं नाही. कारण इथंच लिहून ठेवतो, कुणाला सांगण्यासारखं नाही. घर राहिलं की किल्ली राहते. किल्ली खिशात राहिली की मी दर महिन्याला काहीतरी निमित्त काढून एसटीत बसणार. पंखा आवाज करतोय का पाहून येतो, सोसायटीची मीटिंग आहे. मग मी नांदेडचाही नाही आणि लातूरचाही नाही. अर्धी मात्रा मागं राहणारा माणूस मला व्हायचं नाही.

दयानंदला म्हटलं, "गिऱ्हाईक आण. पण एक अट आहे."

"काय?"

"घेणाऱ्याला शाळेतली एक तरी कविता पूर्ण पाठ पाहिजे."

त्यानं दोन्ही फोन खाली केले. "काका, चेष्टा करायलेत का?"

मी चेष्टा करत नव्हतो. या घराच्या पश्चिमेच्या खिडकीतून सूर्य मावळताना दिसतो. ज्याच्या तोंडात चार ओळी नाहीत तो त्या खिडकीला ग्रिल लावून पडदा टाकून बसेल.

१२ मे, मंगळवार

पहिलं गिऱ्हाईक. निलंग्याचे वीरेश आणि त्यांची बायको. माणूस उमदा, पण कवितेचं विचारलं तर म्हणाला, "तेव्हा गणितात बरा होतो सर." तरी मी मन मोठं केलं आणि खिडकीपाशी नेऊन मावळतीचं वर्णन सुरू केलं. ते ऐकत होते. तेवढ्यात सिंधु त्यांच्या बायकोला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि म्हणाली, "इकडं हात लावून बघा ओट्याला. ऐन दुपारी दुधाला गॅस लागत नाही आम्हाला. सगळं पश्चिमेचं ऊन हितंच."

त्या बाईंनी हात लावला आणि लगेच काढून घेतला.

ते गेल्यावर मी म्हटलं, "सिंधु, जरा रसानं सांगायचं."

"खरं तेच सांगितलं. घेतल्यावर शिव्या दिल्या असत्या."

प्रामाणिकपणा हा तिचा जन्मजात गुण आहे. विक्रीच्या कामाला तो जरा आड येतो.

१४ मे, गुरुवार

दहावीचा निकाल. जळकोटहून आरतीचा फोन आला. आरती म्हणजे आमची मुलगी, रवीची मोठी बहीण. तिच्या सुकन्यानं झेंडा लावला, तालुक्यात नाव काढलं. फोनवर पोरगी लाजत होती. मी म्हटलं, "मराठीत किती?" तिनं सांगितलं. मला समाधान वाटलं.

मग सिंधुनं फोन घेतला आणि गॅलरीत जाऊन बराच वेळ बोलत बसली. परत आली तेव्हा डोळे ओले. आजीला आनंद आवरत नाही.

"पुढं काय करणार म्हणते सुकन्या?" मी विचारलं.

"बघू म्हणते. जळकोटलाच कॉलेज आहे की."

"उत्तम. गावातल्या कॉलेजात शिकूनच माणूस मोठा होतो. मी नाही का झालो?"

सिंधु माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "झालात की."

१७ मे, रविवार

आजपासून अधिक महिना. यंदा ज्येष्ठ अधिक आहे. आमच्याकडं याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून घालायचे, दिवा आणि ताट द्यायचं. तीन वर्षांतून एकदा येणारा हा महिना जावयांसाठीच काढला असावा.

दयानंद सकाळीच आला. त्यानं खरंखुरं गिऱ्हाईक आणलं, उदगीरचे पंचाक्षरी सर. हायस्कूलवरून निवृत्त, मराठीचे. मी विचारायच्या आधीच त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि एक अख्खी कविता चालीवर म्हटली, कडव्यांसकट. मध्ये एके ठिकाणी ते अडले, मी ओळ पुरवली. आम्ही दोघं हसलो. मला वाटलं, घराला माणूस मिळाला.

ते इसार द्यायला तयार होते. खिशात हात घातलासुद्धा. सिंधु चहा घेऊन आली आणि म्हणाली, "सर, आजच अधिक लागलाय. या महिन्यात घराचा व्यवहार आम्ही करत नाही. देवघरही हलवत नाही. निज ज्येष्ठ लागला की बघू."

सरांनी हात खिशातून काढला. "बरोबर बोलल्या वहिनी. अधिकात नकोच."

ते गेल्यावर मी म्हटलं, "सिंधु, तू एवढी कधीपासून पाळायला लागलीस?"

"वय झालं की कळतं माणसाला," ती म्हणाली.

यात मला काही वावगं दिसत नाही. कविता पाठ असलेला माणूस महिनाभर थांबू शकतो.

२१ मे, गुरुवार

संध्याकाळी खाजामियाँकडं. तो माझ्याच पाणीपुरवठा खात्यात जीपचा ड्रायव्हर होता, मी कारकून. आम्ही दोघांनी मिळून या जिल्ह्यातल्या किती कोरड्या विहिरी पाहिल्या असतील. आता त्याच्या गादी-उशांच्या दुकानात त्याचा मुलगा नबील बसतो आणि हा बाहेर खुर्ची टाकून रस्त्यावरच्या लोकांना सल्ले देतो.

मी त्याला परवाची गंमत सांगितली. इस्लापूरहून एक बाई मुलाला घेऊन आली होती. दयानंदनंच पाठवली, त्याला आशा सुटत नाही. मी आत होतो. सिंधुनं दारातच तिला सांगितलं, "जागा गेली बाई. दिली आम्ही." मी बाहेर येऊन विचारलं, कुणाला दिली? तर म्हणाली, "चुकून तोंडातून गेलं."

खाजामियाँनं बशीतला चहा संपवला. "वैजनाथसाब, एक बात बोलूं?"

"बोल."

"भाभी घर बेचने देती नै. किराये से बी देती नै. तो रख कायकू रई? किसके वास्ते रख रई?"

"भिंतींचा लोभ," मी म्हटलं. "बायकांना असतो."

तो एवढा हसला की नबील गल्ल्यावरून उठून बघायला आला. "अब्बा, काय झालं?"

"कुछ नै बेटा. साब को सब दिखता. डोंगर दिखता, सूरज दिखता. घर में क्या चल रा, वो एक नै दिखता."

त्याला कवितेतलं काही कळत नाही. तरी त्याच्याशिवाय नांदेडला चहा गोड लागेल की नाही, ही एक शंका येऊन गेली. शंकेपुरतीच.

३० मे, शनिवार

आरती, जावई आणि सुकन्या आले. जावई शेषेराव म्हणजे सरळ माणूस. जळकोटला खताचं दुकान आहे, थोडी शेती आहे, तोंडातून शब्द मोजून काढतो. अंगात नवा सदरा, पण बाही आखूड. दारात चप्पल काढून भिंतीला लावून ठेवली, जणू सोसायटीनं दंड केला असता.

"मामा, बरे हात ना?"

"बरा आहे. तुमचा पाऊस काय म्हणतो?"

"म्हनंल काय? तो कुठं आपल्याशी बोलतो," शेषेराव म्हणाला. त्याच्या तोंडून विनोद आला म्हणून मी खूश झालो.

मी त्याला विचारलं, शाळेतली एखादी कविता आठवते का. "पाठ होती मामा. आता फवारनीचं येळापत्रक पाठ हाय, तिच्या जागेवर." चांगला माणूस आहे, पण कवितेचं वावडं.

संध्याकाळी सुकन्याला फिरायला नेलं. पोरीला वाटलं असेल आजोबा बागेत नेतील, पण तिनंच क्लासचा रस्ता धरला. गर्दी बघून डोळे मोठे झाले. मोठमोठ्या फलकांवर हसऱ्या मुलांचे फोटो.

"आजोबा, सकाळी अंधारात इकडं मुली एकट्या येतात?"

"येतात की. घोळक्यानं येतात."

"आपल्या घरापासून चालत यायला भीती नाही ना?"

"छे. मी डोळे मिटून येईन."

ती खुदकन हसली. घरी आल्यावर मागच्या लहान खोलीत उभी राहिली आणि खिडकीखालच्या भिंतीला दोन्ही हात पसरून लावले. "इथं टेबल बसतं का, आजोबा?"

"बसत होतं. तुझा मामा तिथंच अभ्यास करायचा. आता ते टेबल नांदेडला जायचंय, बाळा."

"हो का," म्हणाली आणि हात खाली घेतले. घरांच्या मापाची तिला आवड दिसते. वास्तुशास्त्राकडं वळवावं का, रवीला विचारतो.

३१ मे, रविवार

आज धोंडे. सिंधु आणि आरती पहाटेपासून पुरणात. आरतीनं आईची ओटी भरली, नारळ देताना दोघी रडल्या. अधिकातली ओटी नेहमीच जड जाते बायकांना.

मी पाणी प्यायला उठलो तेव्हा स्वयंपाकघरातलं अर्धंमुर्धं बोलणं कानावर आलं. आरती म्हणत होती, "नको आई. धोंड्याला आलो अन् मागितलं, असं होईल. हे तर जीव गेला तरी तोंड उघडणार नाहीत. रवीला काय वाटंल?" सिंधु काही बोलली, ते कुकरच्या शिट्टीत गेलं.

मला लगेच लक्षात आलं. गेल्या धोंड्याला आम्ही जावयाला फक्त तांब्याचं ताट दिलं होतं. जावयाला चांदी द्यावी असं आरतीच्या मनात असणार, पण मागायचं कसं? माझी मुलगी मानी आहे. मी कुणाला न सांगता सदरा चढवला आणि सराफ्यात जाऊन चांदीचं निरांजन आणि वाटी घेऊन आलो. बापाला न सांगता कळलं पाहिजे.

जेवणात शेषेरावला पाटावर बसवलं. रांगोळी, उदबत्ती, पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. मी गप्पांना रंग आणला. इमारतीतल्या आयांचं सांगितलं. म्हटलं, "हल्ली बघा शेषेराव, बाई इकडं लेकराला घेऊन, नवरा तिकडं एकटा भाकरी भाजतोय. दोन वर्षं संसाराचे दोन तुकडे. परीक्षा लेकराची आणि शिक्षा बापाला. हसू येतं मला."

शेषेरावचा हात ताटात थांबला. सिंधुनं तूप जरा जास्तच वाढलं असावं.

"आमची तर ठरलेली गोष्ट," मी पुढं म्हटलं. "अधिक संपला की पंचाक्षरी सर इसार देतील. घर द्यायचं तर असा माणूस पाहिजे."

"चांगलं झालं मामा," शेषेराव म्हणाला. "म्हातारपनी लेकाजवळ असावं मानसानं."

मी निरांजन पुढं केलं. तो पाटावरून उठूनच उभा राहिला. "हे न्हाई मामा. ताट-दिवा बास हाय. हे न्हाई घ्यायचो मी."

"अहो, प्रेमानं देतोय."

"म्हनूनच न्हाई घ्यायचो."

आरती पदरानं तोंड झाकून आत गेली. सिंधुनं माझ्याकडं असं पाहिलं की मी चांदी रुमालात परत गुंडाळली. शेषेराव फारच भिडस्त निघाला. पुढच्या वेळी आरतीच्या हाती देतो.

२ जून, मंगळवार

ते गेले. सुकन्यानं जाताना माझ्या पाया पडून विचारलं, "आजोबा, हे घर विकल्यावर तुम्हाला आठवण येईल?"

"घराची आठवण घरात राहून येत नाही," मी म्हटलं. वाक्य मला स्वतःलाच आवडलं.

ती म्हणाली, "मला येईल."

एसटी सुटेपर्यंत थांबलो. शेषेराव खिडकीशी बसला नव्हता. सीट सुकन्याला दिली होती आणि स्वतः दांडी धरून उभा होता.

७ जून, रविवार

रवीचा फोन. बांधकामाचा आराखडा झाला. मग म्हणाला, "दादा, सुकन्याचं काय ठरलं?"

"जळकोटलाच घालतायत."

"एवढे मार्क असून? ताई काही बोलली का तुमच्याशी?"

"काय बोलणार? खूश आहेत सगळे."

"दादा, वरचा मजला एक-दोन वर्षं उशिरा झाला तरी चालतो आम्हाला. खालची खोली आहेच. एवढं डोक्यात ठेवा."

"बांधकामाचे दर वाढतात बाबा. आत्ताच करून टाक."

"बरं. आईला द्या फोन."

सिंधु पुन्हा गॅलरीत. बोलणं आटपून आली ती चक्क गुणगुणत. मी विचारलं, काय म्हणाला रवी? "म्हणाला, आई, ताई आणि मी दोघं हुशार निघालो दादांच्या पोटी." मला बरं वाटलं. मुलं कृतज्ञ आहेत.

१२ जून, शुक्रवार

सामानाची बांधाबांध माझ्या बाजूनं पूर्ण होत आली. माझी पुस्तकं, पाठ्यपुस्तकांचे जुने गठ्ठे, चष्मे. सिंधुची बाजू अजिबात हलत नाही. स्वयंपाकघरातलं एक पातेलं खाली आलेलं नाही. उलट मागच्या खोलीतला पंखा तिनं पुसून घेतला, खिडकीला नवी जाळी बसवून घेतली आणि नबीलकडून एक गादी भरून आणली, सिंगल.

"आता कशाला हे सगळं? सर त्यांचं बघतील."

"घर स्वच्छ करून द्यावं दुसऱ्याला."

"आणि गादी?"

"गादी गादी काय करताय? असू द्या की घरात एक."

नबील गादी ठेवायला स्वतः आला होता. जाताना दारात हळूच म्हणाला, "काका, अब्बांनी विचारलंय, दिखा क्या अब तरी?" बापलेकांची चेष्टा चाललीय माझी. चालू दे. चेष्टेनं निर्णय बदलणारा माणूस मी नाही.

तरी आज खिडकीत बसलो तेव्हा एक गोष्ट मनात आली, ती लिहितो. सर कविता म्हणतात, पण त्यांना हे घर कशाला हवंय, हे मी विचारलंच नाही. दयानंदला विचारलं. तो म्हणाला, "काका, त्यांना ऱ्हायचं न्हाई हितं. दोन पार्टिशन टाकून पोरांना देनार. सहा पलंग बसतेत म्हने." खिडकी पार्टिशनच्या कुठल्या बाजूला येईल ते मात्र त्याला माहीत नव्हतं.

सरांचा हक्क आहे. घर त्यांचं होणार. मी मनाला लावून घेतलेलं नाही. फक्त दुसरा चहा थंड झाला.

१६ जून, मंगळवार

अधिक काल अमावास्येला संपला. आज निज ज्येष्ठ. पंचाक्षरी सरांचा फोन आला, गुरुवारी येतो म्हणाले. मी होकार दिला. दिलेला शब्द आहे.

सिंधुला सांगितलं. तिला राग येईल असं वाटलं होतं, पण ती कॅलेंडरवरचं पान उलटून म्हणाली, "संपला ना अधिक? आता ज्याला बोलायचंय त्यानं बोलावं. आता बोललं तर कुणी कुणाला नावं ठेवणार नाही."

"कोण बोलणार?"

"तुम्ही बोला की. तुम्हीच बोलता."

मग ती गॅलरीत गेली आणि फोनवर एवढंच बोलली: "संपला. आता तुमचं तुम्ही बघा." आणि फोन ठेवला. देवघराच्या ब्राह्मणाला कळवलं असावं.

१८ जून, गुरुवार

सकाळपासून तयार बसलोय. पांढरा सदरा घातला आहे. इसार पावतीवर सही करायला पेन काढून ठेवलंय, तेच हातात घेऊन हे लिहितोय. सर येईपर्यंत वेळ जावा म्हणून.

मनात धाकधूक नाही. विकायचं ठरवलं ते योग्यच आहे. फक्त त्या पार्टिशनचं सरांशी एकदा बोलेन. कविता पाठ असलेल्या माणसाला समजावता येतं. समजा नाही समजलं, तर मला एक दिवस मागून घेता येईल का? एक दिवसानं काय फरक पडतो म्हणा. तरी मागेन. सिंधु स्वयंपाकघरात आहे. कप मांडल्याचा आवाज आला. आज ती चहाला नको म्हणाली नाही, हे चांगलं लक्षण आहे.

बेल वाजली. सर वेळेआधीच आले.

पुढचं नंतर लिहितोय. सर नव्हते. दारात शेषेराव उभा होता. एकटाच. आखूड बाहीचा तोच सदरा, पायात चपला तशाच, कपाळावर घाम. पहाटेची गाडी धरून आला असणार. मी "या या" म्हणत बाजूला झालो, पण तो हलला नाही.

"आरती बरी आहे ना? सुकन्या?"

"समदे बरे हात." तो उंबऱ्याकडं बघत होता. "मामा, धोंड्यात बोललो असतो तर मागनं झालं असतं. म्हनून गप बसलो. आता सांगतो. सुकन्याला हितं क्लासला घालायचं हाय. तिच्यासंगं तिची आई ऱ्हाईल. मी तिकडं भाकरी भाजून खाईन, मला येतेत. घर इकायचं असंल तर इका, माझं काई म्हननं न्हाई. पन किरायानं देनार असाल, तर आधी मला द्या. दयानंदभाऊ सांगतील तो किराया. एक पैसा कमी न्हाई."

ताटात थांबलेला तो हात मला आत्ता दिसला. मागं सिंधु येऊन उभी राहिली होती.

"शेषेराव, आधी आत तर या. उन्हातून आलात."

"न्हाई मामा," तो म्हणाला आणि चौकटीला हात लावून बाहेरच उभा राहिला. "आत आलो की मी जावई. हितं उभा हाय तवर किरायदार. तुमी काय ते हितंच सांगा."